रेस्क्यू रोबोटिक्समध्ये करिअर म्हणजे दिवसभर नेमकं काय करायचं असतं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष चालू आहे, दोन वर्षं रोबोकॉन ही रोबोट बनवायची स्पर्धा केलीस, कॉलेजच्या प्रोजेक्टला ढिगाऱ्यात जाणारा पट्ट्यांवर चालणारा रोबोट बनवलास, आता यातच पीएचडी करून संशोधक व्हायचंय, पण घरचे म्हणतात याला स्कोप नाही, सॉफ्टवेअरमध्ये जा. हे करिअर खरंच असतं का आणि असलं तर त्यात माणूस दिवसभर करतो काय, हे तुला हवंय.

असतं. मी गेली १९ वर्षं हेच करतेय. आधी पुण्यात एका कंपनीत ऑटोमेशनला होते, मग जपानमध्ये मास्टर्स आणि पीएचडी, तिथेच थोडी वर्षं पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, आणि परत आल्यापासून शिकवणं आणि फिल्डवरचं काम दोन्ही. ज्यांचं मुख्य काम हेच आहे अशी माणसं जगात फार नाहीत, दोन-तीन कॉन्फरन्स केल्या की सगळे चेहरे ओळखीचे होतात. पण तुझ्या डोळ्यासमोर जे चित्र आहे ना, भूकंप झाला, आपला रोबोट आत शिरला, अडकलेलं पोर कॅमेऱ्यात दिसलं आणि बाहेर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ते माझ्या वाट्याला या १९ वर्षांत एकदाही आलेलं नाही. आधीच सांगून ठेवते, कारण फक्त त्या चित्राच्या जोरावर पीएचडीची वर्षं निघत नाहीत, मी पोरं सोडून जाताना बघितलीयेत.

मी सोलापूरची, आजोळ उमरगा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सहावीत होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक गणपती बोळवून उशिरा झोपलेले. मामाकडची घरं सगळी माळवदाची, दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडं आणि त्यावर गारवा राहावा, गळू नये म्हणून वर्षानुवर्षं थरावर थर टाकलेली पांढरी माती. भिंत सुटली की ते सगळं वजन एकदम खाली येतं आणि माती प्रत्येक फट भरून टाकते. मामा सांगायचा, आम्ही खोऱ्याने, हाताने उकरत होतो आणि खालून आवाजच येत नव्हता. तेव्हा ते फक्त दुःख होतं, पुढे शिकताना कळलं की यात इंजिनिअरिंगची गोष्ट आहे. आरसीसीची इमारत पडते तेव्हा स्लॅब कुठेतरी एखाद्या पिलरवर, जिन्यावर, लोखंडी कपाटावर अडकतो आणि त्याच्याखाली पोकळी राहते, माणूस जगतो तो त्या पोकळीत आणि रोबोट जाऊ शकतो तोही तिथेच. माळवदाच्या घरात पोकळी जवळजवळ राहतच नाही, त्यामुळे किल्लारीला जगातला सगळ्यात भारी रोबोट नेला असता तरी त्याला शिरायला वाट नव्हती. कुठल्या आपत्तीत काय न्यायचं आणि कुठे रोबोट घेऊन जायचंच नाही हे ओळखता येणं म्हणजे या कामातलं अर्धं ज्ञान आहे, आणि ते कुठल्याही सिलॅबसमध्ये नसतं.

आता हे फिल्ड सुरू कसं झालं ते सांगते, कारण ज्यांनी सुरू केलं त्यांच्या करिअरकडे बघून तुला तुझ्या प्रश्नाचं उत्तर जास्त नीट मिळेल. १९९५ साल. १७ जानेवारीला जपानमध्ये कोबेचा भूकंप, ६,४०० च्या वर माणसं गेली, आणि १९ एप्रिलला अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीचा बॉम्बस्फोट, १६८ माणसं गेली. तीन महिन्यांत या दोन घटना. सातोशी ताडोकोरो आणि फुमितोशी मात्सुनो हे रोबोटिक्सचे दोघेही संशोधक तेव्हा कोबे विद्यापीठात, मात्सुनो सरांचा तर स्वतःचा एक विद्यार्थी त्या भूकंपात गेला. रोबोटिक्समध्ये जपान जगात पुढे आणि आपल्या दारात घर पडलं तेव्हा वापरायला एकही रोबोट नाही, हे त्यांच्या मनाला लागलं आणि दोघांनीही आपलं चालू संशोधन त्या दिशेला वळवलं. तिकडे अमेरिकेत रॉबिन मर्फी कोलोराडोत प्राध्यापक होत्या, त्यांचा जॉन ब्लिच नावाचा एक विद्यार्थी लष्करात अधिकारी होता, तो ओक्लाहोमाला मदतीला गेला आणि परत येऊन म्हणाला की तिथे उपयोगी पडेल असा रोबोट आपल्याकडे नाही. त्याने थिसिसचा विषय बदलला आणि मर्फी मॅडमची लॅबही हळूहळू तिकडेच वळली.

लक्षात घे, यांच्यातल्या कुणीही रेस्क्यू रोबोटिक्समध्ये पीएचडी केलेली नव्हती. मर्फी मॅडमची पीएचडी कॉम्प्युटर सायन्समधली, १९९२ ची, जॉर्जिया टेकची, आणि त्याआधी बॅचलर्स तुझ्यासारखंच मेकॅनिकल. म्हणजे विषयाचं नाव डिग्रीवर असावं लागत नाही. मूळ विद्या पक्की लागते, कंट्रोल म्हण, परसेप्शन म्हण, मेकॅनिझम डिझाइन म्हण, आणि त्यावर आपत्तीचं ज्ञान वेगळं कमवावं लागतं. दुसरं असं की कोबे १९९५ चं, आणि अशा कामात रोबोट पहिल्यांदा खरोखर वापरले गेले ते ११ सप्टेंबर २००१ नंतर न्यूयॉर्कला, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यात. मधली सहा वर्षं नुसती तयारी. ती तयारी कुणी बघत नाही, पण ती झालेली नसती तर हे लोक त्याच रात्री गाड्यांत रोबोट भरून निघू शकले नसते.

न्यूयॉर्कला काय झालं ते मी प्रत्येक विद्यार्थ्याला सविस्तर सांगते. बरेच रोबोट नेले होते, त्यातले सगळ्यात जास्त वापरले गेले ते सगळ्यात छोटे, बुटांच्या खोक्याएवढे, केबल लावलेले, कॅनडात पाइप तपासायला बनवलेले. कारण भोकंच तेवढी होती, माणूस किंवा कुत्रा जाणार नाही अशी, आणि खाली आग धुमसत असल्यामुळे काही ठिकाणी माणसाला पाठवायचा प्रश्नच नव्हता. एका रोबोटचा पट्टा उष्णतेने मऊ पडून निसटला. एका वायरलेस रोबोटचा सिग्नल आत गेल्यावर तुटला आणि तो परत मिळालाच नाही, काँक्रीट आणि स्टीलच्या थरांतून रेडिओ जात नाही हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि तिथे कळणं वेगळं. केबल अडकते, गुंतते, ओढावी लागते, सगळं खरं, पण त्याच केबलने वीज जाते, चित्र येतं आणि रोबोट उभ्या भोकात सोडला तर तीच दोरी असते. आणि चित्र आलं तरी त्यात दिसत काय होतं? सगळ्यावर एकसारखी करडी धूळ, रंग नाही, खोलीचा अंदाज नाही, आणि बघणारा माणूस दीड-दोन दिवस न झोपलेला. जिवंत कुणी सापडलं नाही, अवशेष सापडले.

यातून मर्फी मॅडमच्या लॅबने जे काढलं ते माझ्या मते या फिल्डमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि त्यात नवीन रोबोट एकही नाही. त्यांनी दाखवलं की चालवणाऱ्याचा बराचसा वेळ रोबोट हलवण्यात जात नाही, समोर काय दिसतंय ते समजून घेण्यात जातो. म्हणून एका रोबोटमागे एक माणूस पुरत नाही, एक चालवणारा आणि त्याच्या शेजारी बसून फक्त बघणारा दुसरा असे दोघे असले तर खूप फरक पडतो. आपल्या डोक्यात उलटं असतं की एक माणूस दहा रोबोट चालवेल. दुसरं, त्यांनी फिल्डवरच्या बिघाडांच्या नोंदी ठेवल्या आणि २००३ च्या आसपास छापलं की सरासरी साधारण आठ तासांत रोबोट काही ना काही कारणाने बंद पडतो आणि हवा असतो तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा तयार नसतो. असा पेपर लिहायला धीर लागतो, कारण आपल्याच पोराचं अपयश मोजून छापायचं असतं. तू पहिल्या दिवसापासून बिघाडाची वही ठेव, तारीख, तास, काय तुटलं, कुणाच्या हातात असताना. माझ्या सात वह्या झाल्यात आणि माझे निम्मे पेपर त्या वह्यांतून आलेत.

आता दिवसभर काय करतो ते. वर्षातले फार तर आठ-दहा दिवस खऱ्या जागेवर, काही वर्षं तर एकही नाही. बाकी दिवस शिकवणं, ग्रांटचे अर्ज, कोड, तुटलेली गिअरबॉक्स उघडणं, फायर ब्रिगेड आणि एनडीआरएफबरोबर मॉक ड्रिल, पत्रव्यवहार, परवानग्या, आणि खूप खूप ऐकणं. हे ऐकणं मी शिकले तो प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी एका शहरात चार मजली इमारत पडली, आम्हाला रीतसर बोलावलं होतं, आम्ही रात्री पोचलो. माझा रोबोट आत माणूस शोधण्यासाठी बनवलेला, उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा, माइक, सगळं समोर बघणारं. तिथले टीम कमांडर साहेब शांतपणे म्हणाले, मॅडम, माणूस कुठे आहे ते मला कुत्र्याने सांगितलंय, तुम्ही फक्त हा कोपऱ्यातला पिलर अजून दोन तास धरेल का ते सांगा, माझी चार पोरं त्याच्याखाली काम करतायत. माझ्या रोबोटचा कॅमेरा वर बघूच शकत नव्हता. मी सहा वर्षं ज्या प्रश्नावर काम केलं तो प्रश्न त्या माणसाचा नव्हताच. शेवटी शेजारच्या मांडवाचा बांबू आणला, त्याला रोबोटचा कॅमेरा काढून बांधला, आत सरकवून पिलरच्या डोक्याचे फोटो काढले आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवले. त्यांनी बघून पोरांना मागे घ्यायला सांगितलं, टेकू लावले, मग परत आत पाठवलं. त्यानंतर माझ्या संशोधनाचा विषय बदलला. आता माझं मुख्य काम पडक्या इमारतीचा राहिलेला भाग किती भरवशाचा आहे हे आतून कसं बघायचं यावर आहे आणि त्याचे प्रश्न मला सगळे ढिगाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांनी दिलेत. आत अडकलेल्या माणसाची काळजी सगळ्यांनाच असते. त्याला काढायला आत गेलेल्याची काळजीही रोबोटनेच करायची असते, हे मला त्या रात्री समजलं.

फुकुशिमाच्या अणुकेंद्रातल्या अपघाताचं सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. ११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामी आली तेव्हा मी जपानमध्येच होते, पण लांब पश्चिमेला कान्साईत, पीएचडीचं शेवटचं वर्ष, आमच्याकडे काही झालं नाही पण लॅबमध्ये टीव्हीसमोरून कुणी उठत नव्हतं. अणुभट्टीच्या इमारतीत पहिल्यांदा गेले ते १७ एप्रिलला पॅकबॉट नावाचे अमेरिकन रोबोट. रोबोटिक्सच्या देशात बाहेरचे रोबोट आधी गेले, हे तिथल्या लोकांना फार लागलं. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. १९९९ मध्ये तोकाईमुराला अणुइंधनाच्या कारखान्यात अपघात झाला होता, त्यानंतर सरकारने सुमारे ३०० कोटी येन खर्चून अणुअपघातासाठी रोबोट बनवून घेतले, ते तयारही झाले, आणि मग वापरणाऱ्यांनी म्हटलं की आमच्याकडे अशी वेळ येणार नाही, आम्हाला गरज नाही. पैसा थांबला, देखभाल थांबली, माणसं दुसऱ्या कामाला लागली. दहा-बारा वर्षांनी गरज पडली तेव्हा हातात काही नव्हतं. या करिअरमधला सगळ्यात मोठा धोका हाच आहे. आपत्ती आली की पैसा येतो आणि विस्मरणाबरोबर तो जातो. तू नेमका त्या मधल्या कोरड्या वर्षांत काम करणार आहेस हे धरून चाल.

नंतर जपानचा क्विन्स नावाचा रोबोट आत गेला, चिबा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि तोहोकू विद्यापीठातल्या ताडोकोरो सरांच्या वगैरे टीमने बनवलेला, जिने चढण्यात तेव्हा जगात त्याला तोड नव्हती. पण तो थेट आत नाही गेला, आधी किरणोत्सर्गात त्याचे इलेक्ट्रॉनिक्स टिकतात का ते तपासलं, जाड भिंतींतून रेडिओ जाणार नाही म्हणून केबलची व्यवस्था बसवली, यात आठवडे गेले. २४ जूनला दुसऱ्या युनिटमध्ये, म्हणजे दुसऱ्या अणुभट्टीच्या इमारतीत, पहिली खेप, तळघरात पाण्याची पातळी मोजायचं यंत्र बसवायचं होतं, आणि जिन्याचा मधला टप्पा सांगितला होता त्यापेक्षा अरुंद निघाला, रोबोट वळेचना. पुढे तो वरच्या मजल्यांवर जाऊन आला, रेडिएशनची मापं आणली, फोटो आणले, खूप काम केलं त्याने, आणि २० ऑक्टोबरला पाचव्या मजल्यापर्यंत जाऊन परत येताना तिसऱ्या मजल्यावर केबल अडकली आणि संपर्क तुटला. तो तिथेच राहिला. माझ्या गाइडनी त्या आठवड्यात आम्हाला सगळ्यांना बसवून फक्त केबलवर तीन तास चर्चा घेतली होती, केबल कोण सोडतं, कोण गुंडाळतं, कोपऱ्यावर काय होतं, ताण किती आला ते चालवणाऱ्याला कळतं का. बाहेरच्याला वाटेल एवढ्या हुशार माणसांना हे काय पडलंय, पण रोबोट गेला तो त्याच कारणाने गेला होता.

त्याच एप्रिलमध्ये किनाऱ्यावर एक वेगळं काम झालं, त्याची बातमी फारशी झाली नाही पण मला ते जास्त जवळचं वाटतं. मिनामिसानरिकू हे कोळ्यांचं गाव, त्सुनामीने पुसलेलं. बंदराच्या तळाला गाड्या, जाळी, घरांचे तुकडे काय काय पडलंय माहीत नाही, त्यामुळे बोटी आत-बाहेर करता येईनात. पाणबुडे मिळायला सहा महिने लागणार होते आणि तोपर्यंत मासेमारीचा हंगाम गेला असता. मर्फी मॅडमची टीम आणि जपानी सहकाऱ्यांनी छोटे पाण्याखालचे रोबोट उतरवले आणि काही तासांत तळ तपासून दिला. आपल्याकडे रत्नागिरी-मालवणच्या माणसाला हे समजवावं लागणार नाही, हंगाम बुडाला तर वर्ष बुडतं. जीव वाचवणं म्हणजे फक्त पहिले ७२ तास असं धरलंस तर हे काम तुला दिसणारच नाही. खरं तर पहिल्या काही तासांत बहुतेक माणसं शेजारीपाजारीच काढतात, कोबेत तसंच झालं, किल्लारीतही तसंच. रोबोटची पाळी पुढे येते, जिथे हात पोचत नाही तिथे, आणि त्याहून पुढे पूल, धरण, बंदर, पाण्याच्या टाक्या परत वापरण्यालायक आहेत का हे सांगायला.

आता भारतात काही आहे का. आहे, पण तू शोधतोयस त्या नावाखाली नाही. दक्ष हा रिमोटवर चालणारा रोबोट डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या दिघीच्या लॅबने बनवलाय, मूळ काम बॉम्ब निकामी करणं. मुंबईच्या आयआयटीतून निघालेल्या पोरांच्या आयडियाफोर्जची ड्रोन २०१३ च्या उत्तराखंडच्या पुरात वापरली गेली. २०२३ च्या नोव्हेंबरात उत्तराखंडमध्ये सिलक्याराच्या बोगद्यात ४१ मजूर १७ दिवस अडकले होते, तिथे दक्ष मालिकेतले रोबोटही नेले, ड्रोनही नेली, पण देशाने पहिल्यांदा त्या माणसांचे चेहरे पाहिले ते सहा इंची पाइपातून सरकवलेल्या लवचिक कॅमेऱ्याने, आणि आडवं भोक पाडणारं ऑगर मशीन लोखंडात अडकून तुटल्यावर शेवटचे मीटर हाताने खणले ते रॅट-होल मायनर्सनी, म्हणजे अरुंद बिळात शिरून खणणाऱ्या मजुरांनी. मला यात रोबोटिक्सची हार दिसत नाही. पाइपातून सरकणारा कॅमेरा हा आपल्याच घरातला आहे, ताडोकोरो सरांनी कित्येक वर्षं यावरच काढलीत, बारीक केसांसारखे तंतू लावलेली केबल कंपनांनी स्वतःच पुढे सरकते असा सापासारखा कॅमेरा त्यांनी बनवला आणि तो अमेरिकेत फ्लोरिडाला पडलेल्या पार्किंगच्या इमारतीत वापरलाही गेला. त्या पाइपातून गेलेला कॅमेरा जरा पुढे जाऊन वळू शकला असता, आतली माती कुठे हलतेय ते सांगू शकला असता, तर? हा प्रश्न पीएचडीला पुरेल एवढा मोठा आहे.

आणि आपल्या मातीतले प्रश्न बघ. माळीण, ३० जुलै २०१४, दरड कोसळून दीडशेच्या वर माणसं गेली, गाव गायब झालंय हे पहिल्यांदा कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ ची रात्र, तीही दरडच, वर गाडीरस्ताच नाही, जेसीबी जाऊ शकत नाही, पावसात चिखलातून चढून जायचं आणि फावडी-घमेल्यांनी उकरायचं, चढतानाच अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदयविकाराने गेला. मी माझ्या विद्यार्थ्यांना विचारते, तुमचा ३५ किलोचा रोबोट तिथे कोण चढवणार, आणि चढवल्यावर चिखलात शिरणार कुठे? दरडीत पोकळी नसते, परत तेच माळवदासारखं. मग तिथे उपयोग कशाचा? वरचा डोंगर अजून सरकतोय का हे दर दहा मिनिटांनी सांगणारं ड्रोन आणि सेन्सर, म्हणजे खाली उकरणाऱ्या दोनशे माणसांना वेळेत पळता येईल. पावसात उडणारं, ढगात वाट न चुकणारं, पाठीवर नेता येणारं. याउलट महाडची कोसळलेली इमारत, ऑगस्ट २०२०, तिथे चार वर्षांचं पोर जवळपास १९ तासांनी जिवंत निघालं, कारण आरसीसी होतं, पोकळी होती. आणि कोल्हापूर-सांगलीचा पूर हे तिसरंच प्रकरण, तिथे बोटी, पाण्याखालचे अडथळे, पुलांचे पाये. परदेशी जायचं तर जा, मीही गेले, पण यातला एक प्रश्न खिशात घालून जा. मी नुसती शिकायला गेले होते, त्यात माझी दोन-तीन वर्षं वाया गेली असं मला अजून वाटतं.

पीएचडी कुठे, तर जपानमध्ये तोहोकू आणि क्योटोच्या बाजूला परंपरा आहे, जपान सरकारची मेक्स्ट स्कॉलरशिप मिळाली तर पैशांची चिंता मिटते, भाषा मात्र मन लावून शिक, फिल्डवर इंग्रजी चालत नाही. जर्मनीत डार्मस्टाटला चांगलं काम आहे, तू प्रोजेक्टमध्ये हेक्टर स्लॅम हे रोबोटला फिरता फिरता नकाशा काढून देणारं सॉफ्टवेअर वापरलं असशील तर ते त्यांच्याच रोबोकप रेस्क्यू या स्पर्धेच्या टीममधून आलेलं आहे. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम, तिथे डिझास्टर सिटी म्हणून ट्रेनिंगची जागा आहे, खरे ढिगारे, पडलेली ट्रेन, सगळं रचून ठेवलेलं. आपल्याकडच्या आयआयटी आणि आयआयएससीतही रोबोटिक्सचे चांगले लोक आहेत, गाइडला सरळ विचार की गेल्या तीन वर्षांत तुम्ही कुठल्या फायर ब्रिगेडबरोबर काम केलंत. या प्रश्नाचं उत्तर कसं येतं त्यावरून बरंच कळतं.

पैशांचं म्हणशील तर घरच्यांची काळजी खोटी नाहीये, त्यांना उडवून लावू नकोस. फक्त रेस्क्यूवर चूल पेटत नाही. पण हीच विद्या खाणीत, अणुकेंद्रांच्या तपासणीत, रिफायनरीत, बोगद्यांत, पुलांच्या इन्स्पेक्शनमध्ये लागते आणि तिथे बऱ्यापैकी पगार आहेत. माझं निम्मं फंडिंग आजही बोगदे आणि पुलांच्या तपासणीतून येतं, त्यातलीच यंत्रं आम्ही गरज पडली की नेतो, आणि रोज वापरात असल्यामुळे ती चालू स्थितीत असतात. आई-बाबांना हे असं सांग, त्यांना समजेल.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही त्या सांगते. न बोलावता कधी जायचं नाही. बातमी बघून रोबोट गाडीत टाकून निघालास तर तिथे तू आणखी एक सांभाळायचा माणूस होतोस. ओळख आधी करायची, सराव आधी, त्यांच्या भाषेत बोलायला आधी शिकायचं, मग ते फोन करतात. आणि दुसरं, तू मृतदेह बघणार आहेस. स्क्रीनवर बघितलं तरी ते बघणंच असतं, आणि चालवणाऱ्याला कॅमेरा जवळ न्यावा लागतो, तोंड फिरवता येत नाही. पहिल्या वेळी मी कुणाशी बोलले नाही आणि पाच-सहा महिने नीट झोपले नाही. आता आमच्या टीममध्ये नियम आहे, परत आलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि बोलायचं, आणि गरज वाटली तर डॉक्टरकडे जायचं, त्यात कमीपणा नाही. तिथलं फुटेज टीमबाहेर जात नाही, कुणाच्याही मोबाइलवर नाही, कारण ती कुणाची तरी आई असते.

तर आत्ता काय करशील. पुण्यात आहेस, सुदुंबऱ्याला एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे, कॉलेजचं पत्र घेऊन रीतसर विनंती कर की मॉक ड्रिल बघू द्या, आणि गेलास की तुझा रोबोट दाखवू नकोस, आधी त्यांचं सामान बघ, स्लॅब कसा कापतात, टेकू कसे लावतात, सगळं शांत करून खालचा आवाज कसा ऐकतात, कुत्र्याला कधी पाठवतात. जवळच्या फायर स्टेशनला जा, त्यांना विचार की शेवटच्या पाच कॉल्समध्ये काय दिसलं असतं तर बरं झालं असतं. वहीत लिहून आण. मग तुझा रोबोट घे, कॉलेजच्या मागे कुठेतरी बांधकामाचा राडारोडा पडलेला असेलच, त्यात त्याला घाल, वरून पाण्याचा पाइप सोड, आणि चालवणाऱ्याला रोबोट न दिसेल असा पाठ करून बसव, फक्त स्क्रीन. किती मिनिटांत अडकतो, कशात अडकतो, केबल कुठे घासते, हे दहा वेळा करून लिही आणि मला पाठव. केबल किती मीटरची आहे आणि ती कोण धरणार आहे तेही लिही, तुझ्या प्रश्नात तेवढंच सांगायचं राहून गेलं होतं.